ऐरावताचा लवाद

अन्नपूर्णा रोड, इंदूर
४ ऑगस्ट १९९६

चि. सुमेधा हीस मामाचे पुष्कळ आशीर्वाद.

तू वकील झालीस तेव्हा मी म्हटलं होतं, घरात वकील असावा, पण त्याची गरज पडू नये. पडली गरज. घाबरू नकोस, पोलीस वगैरे काही नाही. हत्तीची केस आहे.

आपला ऐरावत आठवतो ना? सात वर्षांची होतीस तेव्हा त्याच्या सोंडेखाली उभी राहून 'मला पण हार घाल' म्हणून रडली होतीस. मिल बंद होऊन पाच वर्षं होतील आता. भोंगा गेला, टाइम ऑफिस गेलं, मी घरी बसलो. पण अनंत चतुर्दशीला आपल्या मिलची झांकी निघते म्हणजे निघते. पुढे बँड, मागे जनरेटर आणि मधे ट्रॉलीवर ऐरावत. परीक्षकांच्या मंचासमोर आला की सोंड उचलून पाठीवरच्या गणपतीला हार घालतो. बावीस वर्षं घातला. गेल्या वर्षी नाही घातला. सोंड अर्धी वर गेली आणि अडकली ती अडकलीच. एवढी पब्लिक, आणि त्यात कुणीतरी ओरडलं, "भिया, हाथी को तो लकवा मार गया!" मेल्याहून मेल्यासारखं झालं सगळ्यांना.

त्या दिवसापासून भेरूलाल आणि मल्हारी एकमेकांशी बोलत नाहीत. भेरूलाल सुतार. हत्तीचं अंग त्याचं, म्हणजे लाकूड, कागदाचा लगदा, रंग. मल्हारी इंगळे फिटर. पोटातली मोटर, चेन, दात्यांची गरारी त्याची. भेरूलाल म्हणतो गरारी गंजली होती. मल्हारी म्हणतो रंगाचे थर चढवून चढवून सोंड जड केली. तीस वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं गं! भांडण इतकं पेटलं की त्यांनी हत्तीची वाटणी केली. कातडं भेरूलालनं नेलं, स्नेहलतागंजला त्याचं बोर्ड रंगवायचं दुकान आहे तिथे. हाडं मल्हारीनं नेली, सांवेर रोडच्या वर्कशॉपात.

आता मुद्दा असा, की १२ सप्टेंबरपर्यंत दोघांच्या सह्यांचा अर्ज गेला नाही तर मिरवणुकीतला आपला नंबर जाईल. एकदा गेलेला नंबर परत मिळत नाही. मिलचं म्हणून या शहरात आता एवढंच उरलं आहे. तर झांकी समितीनं ठराव केला, पुराणिक बाबूंना पंच करा. टाइम ऑफिसचा माणूस, तीस वर्षं कुणाचं दोन मिनिटं पुढे-मागे केलं नाही. मी नको नको म्हटलं, पण कोण ऐकतं? तेव्हा यात कायदा काय म्हणतो ते लिही. काम पक्कं पाहिजे, उद्या कुणी उलटायला नको.

तू छत्रीचं विचारलंस. छत्री ठीक आहे.

मामीचे आशीर्वाद.
तुझा
श्रीमामा


पुणे
११ ऑगस्ट १९९६

ती. श्रीमामांस नमस्कार.

पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसत बसले. आमचे सर म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, हत्तीच्या मालकीचा लवाद आला आहे. ते म्हणाले, "फी ठरवून घ्या, हत्ती पोसायला खर्च फार येतो."

पण मामा, तुमचं टायमिंग अगदी टाइम ऑफिसचं आहे हं. जुना लवादाचा कायदा १९४० सालचा. त्यात पंचांनी निवाडा दिला तरी तो कोर्टात नेऊन त्यावर शिक्का घ्यावा लागायचा, आणि तिथे पंधरा पंधरा वर्षं जायची. जानेवारीपासून नवा वटहुकूम चालू आहे आणि आता त्याचाच पक्का कायदा होतो आहे. यात पंचांचा निवाडा हाच हुकूमनाम्यासारखा. बाहेरच्या कंपन्या येताहेत ना देशात, त्यांना आपल्या कोर्टांची भीती वाटते, म्हणून हे सगळं. त्यांच्यासाठी शिवलेला कोट ऐरावतालाही बसेल असं मला वाटतं.

आता नीट वाचा. एक तर दोघांकडून लिहून घ्या की आमचा वाद अमक्याकडे सोपवतो. साध्या चिठ्ठ्यांची देवाणघेवाण झाली तरी करार धरतात. पंचांची संख्या विषम हवी, दोन चालत नाहीत. तुम्ही एकटेच असाल तर उत्तम. शिवाय तुम्ही ठरवा, तुम्हाला निवाडा द्यायचा आहे की नुसता समेट घडवायचा आहे. समेट करणाराच पुढे निवाडा द्यायला बसला तर लोक मोकळं बोलत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कलम बारा. पंच होण्याआधी तुम्ही लेखी जाहीर करायचं, की या प्रकरणात तुमच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका येईल अशी कोणकोणती गोष्ट आहे. नातं, मैत्री, हितसंबंध, काहीही. लपवायचं नाही. मला हे कलम फार आवडतं. आधी स्वतःचे खिसे उलटे करून दाखवा, मग दुसऱ्याला विचारा!

छत्री ठीक आहे म्हणजे काय? माझ्या पहिल्या पगाराची आहे ती. पितळी टोकाची, वेताच्या मुठीची, चांगली दोन दुकानं पालथी घालून आणली होती. वापरता ना?

तुमची
सुमेधा


अन्नपूर्णा रोड, इंदूर
२० ऑगस्ट १९९६

चि. सुमेधास आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मामी म्हणाली, लग्नाच्या वेळी माझी पत्रंही इतकी वाचली नव्हतीत.

तू सांगितलंस तसं सगळं बराबर केलं. दोघांनाही आपापला एक-एक पंच हवा होता. मी म्हटलं, दोन चालत नाहीत, दिल्लीहून ऑर्डर आहे. मामी आतून म्हणाली, "एकच पुरे आहे, एकाला चहा किती लागतो ते मला माहीत आहे." मग दोघांनी सही केली. समेट वगैरे मला जमणार नाही. जन्मभर मी 'लेट' किंवा 'वेळेवर' एवढंच लिहिलं, मधलं काही आपल्या वहीत नाही. तेव्हा निवाडाच.

मग मी उभा राहून कलम बारा वाचलं. म्हणजे माझं जाहीर निवेदन. दोन पानं झाली. मल्हारी आणि मी एकाच गावचे, त्याच्या लग्नाच्या पंगतीत मी जेवलो. भेरूलालच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडाला पाणी मी वाढलं. १९७४ साली मल्हारीला मी लाल शाई लावली होती, भोंग्यानंतर तीन मिनिटं आला म्हणून, आणि त्याचा राग त्याला अजून आहे. भेरूलालनं आपल्या दाराची पाटी फुकट रंगवली, 'पुराणिक'मधला 'पु' त्यात जरा मोठा झाला आहे. सगळं लिहिलं. ऐकून दोघांचीही हरकत नाही. भेरूलाल म्हणाला, "बाबूजी, आप तो गंगाजल हो." मी पाणी प्यायलो.

मग जी गंमत सुरू झाली! दोघांनीही पुरावा आणला होता. भेरूलाल आख्खी सोंड खांद्यावर टाकून टेम्पोतून उतरला. अन्नपूर्णेला दर्शनाला जाणाऱ्या बायकांनी तिलाच नमस्कार केला. मल्हारीनं पोत्यात गरारी आणली आणि मामीच्या धुतलेल्या सतरंजीवर ठेवली. त्यानंतर मामीनं पोह्यांवर शेव घातली नाही, इतकी नाराज झाली. भेरूलाल म्हणे, "तोल लो म्हारी सूंड, एक तोला जादा निकले तो नाम बदल दूँगा." मल्हारी म्हणे, "मोटर चालवून बघा, मुंगी चिरडायची नाही इतकी गुळगुळीत आहे." दोन तास दोघे माझ्याकडे बघून एकमेकांशी बोलत होते. "साहेब, यांना सांगा." "बाबूजी, इनसे के दो." माझी मान दुखायला लागली.

पुढची तारीख अजून दिलेली नाही. तू काय म्हणतेस?

श्रीमामा

ता. क. मी मामी. यांचं काहीतरी बिनसलं आहे. गेल्या वर्षापासून छत्री घेऊन जातच नाहीत. भिजून येतात, शिंकत बसतात, आणि विचारलं तर माझ्यावरच गुरगुरतात. तूच विचार बाई. – सुलोचना


पुणे
२७ ऑगस्ट १९९६

ती. मामा आणि मामी,

आधी बातमी! २२ तारखेपासून नवा कायदा लागू झाला. म्हणजे तुमचा ऐरावत बहुतेक देशातल्या पहिल्या काही प्रकरणांत आहे. निदान हत्तींमध्ये तरी पहिला.

दुसरी बातमी. आमच्याकडे वकिलांचं अभ्यास मंडळ आहे, तिथे मला कलम बारावर बोलायचं होतं. सर म्हणत होते, "हे कलम कागदावरच राहणार. आपल्याकडे स्वतःहून स्वतःविरुद्ध कोण सांगतो?" मी नावं गाळून तुमचं निवेदन वाचून दाखवलं. लाल शाई, पाटीवरचा मोठा 'पु', सगळं. मामा, टाळ्या पडल्या! सर म्हणाले, "असा पंच मला आयुष्यात एकदा भेटू दे." मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू.

मामी, छत्रीचं मला कळलं. जपून ठेवली असेल त्यांनी. माझ्या पहिल्या पगाराची म्हणून कपाटात घालून ठेवायची आणि आपण भिजायचं, हा अगदी श्रीमामांचा स्वभाव. मामा, ती वापरायला दिली आहे, पूजेला नाही. उद्यापासून काढा बाहेर.

आता पुढचं. नुसतं बोलणं पुरे झालं. पंचांना वस्तू तपासता येते. कातडं आणि हाडं एका जागी आणा, हत्ती जोडा, मोटर चालू करा आणि तुमच्या डोळ्यांनी बघा. कारणं देऊन निवाडा लिहायचा असतो, आणि कारण हत्तीच्या पोटातच सापडेल.

सुमेधा


अन्नपूर्णा रोड, इंदूर
४ सप्टेंबर १९९६

चि. सुमेधास आशीर्वाद.

रविवारी मल्हारीच्या वर्कशॉपात हत्ती जोडला. भेरूलाल आपलं सगळं कातडं टेम्पोत घालून घेऊन आला. दोघांनी एकमेकांकडे न बघता काम केलं, आणि सुमेधा, खरं सांगतो, बघत राहावं असं काम केलं. याचा हात पुढे आला की त्यात पाना ठेवलेला, त्याचा हात मागे आला की त्यात खिळा. तोंडं मात्र दोन दिशांना.

मोटर चालू केली. सोंड वर गेली, खाली आली. सात वेळा. जराही अडकली नाही.

मला वाटलं होतं निदान आता शांत होतील. कसलं काय! भेरूलाल म्हणाला, "देखा, इसने चुपचाप गरारी बदल ली." मल्हारी म्हणाला, "यानं रात्रीतून रंग खरवडून काढला." त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. भेरूलाल जाताना म्हणून गेला, बारा तारखेनंतर हत्तीचं डोकं काढून एखाद्या शाळेच्या दारावर लावीन, पण या माणसाबरोबर अर्जावर अंगठासुद्धा उठवणार नाही.

आठ दिवस राहिले आहेत. मला झोप नाही. पंचाला राजीनामा देता येतो का? येत असेल तर कसा द्यायचा ते कळव. टाळ्यांचं तू लिहिलंस ते मला आवडलं नाही. लोकांना उगीच वाचून दाखवत जाऊ नकोस.

श्रीमामा


पुणे
७ सप्टेंबर १९९६, स्पीडपोस्टानं

ती. श्रीमामांस नमस्कार.

राजीनामा देता येतो. पण तुमचं पत्र मी वकिलासारखं वाचलं आणि मग भाचीसारखं वाचलं, आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले.

सात वेळा सोंड वर गेली. म्हणजे गरारी ठीक आणि सोंडही ठीक. मग गेल्या वर्षी पोटात तिसरं काहीतरी होतं. त्या दोघांना हे दिसत नाही, कारण ते एकमेकांकडे बघताहेत. तुम्हाला दिसलं असणार. तीस वर्षं तुम्ही फाटकावर उभं राहून कोण कुठून आत शिरतं ते टिपलंत. तुम्ही कुणालातरी पाठीशी घालत आहात, मामा. मला राहून राहून वाटतं, मामी मिरवणुकीला बरोबर देतात तो मोदकांचा डबा तर आत राहिला नव्हता? मामींना वाईट वाटेल म्हणून तुम्ही गप्प आहात का?

कोण असेल ते असो. कलम बारा फक्त पहिल्या दिवसापुरतं नाही. काम चालू असेतोवर जे आठवेल, जे कळेल, ते लगेच लेखी सांगायचं असं त्यात स्पष्ट आहे. उशिरा सांगितलं तरी चालतं. न सांगणं चालत नाही.

राजीनामा दिलात तर तुम्ही सुटाल. ऐरावत नाही सुटणार.

तुमची
सुमेधा


अन्नपूर्णा रोड, इंदूर
१३ सप्टेंबर १९९६

चि. सुमेधास आशीर्वाद.

मामीचा डबा नव्हता. तिनं तुझं पत्र वाचलं आणि तुला कळवायला सांगितलं आहे की तिचे मोदक कुठल्याही मशीनमध्ये अडकण्याइतके घट्ट नसतात.

माझी छत्री होती. म्हणजे तुझी.

गेल्या वर्षी मिरवणुकीत आधी भुरभुर पाऊस होता, मग थांबला. गर्दी आवरायला दोर धरायचा होता, दोन्ही हात पाहिजे होते. हत्तीच्या पोटाला तेल घालायचं एक छोटं दार आहे, आत मल्हारीनं तेलाची बुधली टांगायला आकडा ठोकला आहे. त्याला मी छत्री टांगली. विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आणायला गेलो तर ती चेनमध्ये शिरून गरारीत बसली होती, काड्या वाकलेल्या, पितळी टोक पार चपटं. ओढली तशी निघाली. मला सगळं तेव्हाच कळलं. तिथल्या तिथे सांगायचं, तर बाहेर दोघांची जुंपलेली. म्हटलं, दोन दिवसांत थंड होतील, मग सांगू. छत्री पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवली. दोन दिवसांचे दोन महिने झाले, मग दिवाळी आली. जितका उशीर झाला तितकं तोंड उघडेना. मी कोण? ज्यानं तीन मिनिटांना लाल शाई लावली तो. माझ्याकडे येऊन लोक सायकल पंक्चर झाली म्हणायचे, बायको आजारी म्हणायचे, आणि मी म्हणायचो, "कारण नको, वेळ सांगा." आता मी कुठल्या तोंडानं कारण सांगणार होतो?

तुझं पत्र अकरा तारखेला आलं. त्याच संध्याकाळी दोघांना बोलावलं. मी म्हटलं, निवाड्याआधी पंचाला एक जाहीर करायचं राहिलं आहे. स्टूल घेतलं, माळ्यावरून गुंडाळी काढली आणि सतरंजीवर सोडली.

मल्हारीनं छत्री उचलली, काडी बोटानं पुसली, वास घेतला. म्हणाला, "हे आपल्या चेनचं ग्रीस आहे." भेरूलालनं टोक बघितलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वर्षात पहिल्यांदा.

भेरूलाल म्हणाला, "मल्हारी, इन्ने अपन को साल भर लड़वाया."

मल्हारी म्हणाला, "आणि वर पंच होऊन बसले!"

"गंगाजल बोला मैंने इनको! गंगाजल!"

त्यानंतर अर्धा तास दोघांनी मिळून माझी जी काढली आहे ना, सुमेधा, मिलच्या मॅनेजरलाही कधी कुणी इतकं बोललं नसेल. एक थांबला की दुसरा. एकाला शब्द सापडला नाही तर दुसरा पुरवायचा, अगदी पाना-खिळ्यासारखं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मधून मधून आपलीही भर घालत होती. मी मान खाली घालून ऐकलं. मनात म्हटलं, बोला, अजून बोला, पण एकत्र बोला.

मग भेरूलाल एकदम थांबला. फेब्रुवारीत मल्हारीची आई गेली होती. तो म्हणाला, "तेरी माँ को कंधा देना था मेरे को. गली तक आया, लौट गया." मल्हारी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. तेव्हा मात्र मला रडू आलं. एका छत्रीपायी आणि माझ्या अकडीपायी हे असं झालं. ते वर्ष मी कुठून भरून देणार?

निवाडा त्यांनीच दिला. मी आरोपी, ते दोघे पंच. तू म्हणालीस दोन पंच चालत नाहीत, तर त्यांनी मामीला तिसरी केलं. झांकीच्या कामाची हजेरी अजून आपल्या टाइम ऑफिसच्या जुन्या रजिस्टरातच मांडतात. मल्हारीनं ते मागवलं, लाल शाई मागवली, आणि बावीस वर्षांचा वचपा काढला. माझ्या नावापुढे त्यानं लिहिलं, 'एक वर्ष तीन दिवस लेट.' भेरूलालनं खाली लफ्फेदार सही केली. शिक्षा अशी, की यंदा ऐरावताच्या पोटात मी बसायचं. पूर्ण मिरवणूक. चेनवर नजर ठेवायची आणि तेल घालायचं. छत्री जप्त.

अर्ज काल गेला, दोघांच्या सह्यांनी. नंबर राहिला. आता तुझ्या कायद्यात हे कुठे बसतं ते बघ, आणि बसत नसेल तर मला कळवू नकोस. आणि तुझ्या सरांना जे काय सांगायचं ते सांग. माझी हरकत नाही.

श्रीमामा


पुणे
१८ सप्टेंबर १९९६

ती. मामा,

बसतं! लवाद चालू असताना पक्षकारांनी आपसात तडजोड केली, तर तीच निवाडा म्हणून नोंदवता येते, कलम तीस. पंच स्वतःच आरोपी निघाला तर काय, हे मात्र कायद्यात नाही. दिल्लीवाल्यांना इंदूरची कल्पना नसावी.

अभ्यास मंडळात मी उभी राहिले आणि म्हटलं, गेल्या वेळी ज्यांच्या निवेदनाला टाळ्या दिल्यात, त्यांनी मुख्य गोष्ट लपवली होती. मग सगळं सांगितलं. या वेळी टाळ्या नाही पडल्या, हशा पडला, आणि तो थांबेचना. सर डोळे पुसत म्हणाले, "सुमेधा, कलम बारा चालतं म्हणायचं. वर्ष लागलं तरी चालतं."

मी चिडले आहे हे पण लिहून ठेवते. छत्री मोडली म्हणून नाही. एका वाकड्या छत्रीपायी तुम्ही दोन पावसाळे भिजत फिरलात आणि मला 'ठीक आहे' लिहिलंत म्हणून. मी लहानपणी तुमच्या घड्याळाची काच फोडली होती तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? "काच मोडली तर मोडली, वेळ तर बरोबर दाखवतंय ना." मला ते अजून लक्षात आहे.

सव्वीसला माझी कोर्टात तारीख आहे, नाहीतर येऊन पोटात तुमच्याशेजारी बसले असते. सगळं लिहा. काही गाळू नका. कलम बारा!

तुमची
सुमेधा


अन्नपूर्णा रोड, इंदूर
२८ सप्टेंबर १९९६

चि. सुमेधास अनेक आशीर्वाद.

कंबर गेली आहे. झोपून लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

हत्तीच्या पोटात बसून मिरवणूक कशी दिसते? काही दिसत नाही. माझ्याजवळ एक टॉर्च, एक तेलाची बुधली, मामीनं दिलेला डबा. (तो मी मांडीवर धरून ठेवला होता, आकड्याला नाही टांगला.) बाहेर बँड, आखाडेवाल्यांच्या लाठ्या, पब्लिकचा गोंगाट. पण सगळ्यात जवळून काय ऐकू येत होतं सांगू? ट्रॉलीच्या डावीकडे भेरूलाल आणि उजवीकडे मल्हारी. "अरे धीरे ले, कान हिल रिया है!" "कान तुझा सैल आहे, त्याला मी काय करू?" "पहले तू अपनी मोटर देख!" अख्खा रस्ता. तीस वर्षं मिलच्या यार्डात हे भांडण ऐकलं आणि वैतागलो. परवा इतकं गोड लागलं की तेल घालायचं राहून गेलं. मल्हारीनं दार उघडून मला झापलं.

राजवाड्याच्या अलीकडे जरा पाऊस आला. लोक पळाले असतील, मला आवाजावरून कळलं. मी पोटात अगदी कोरडा.

मग मंच आला. ट्रॉली थांबली. मल्हारीनं बटण दाबलं, चेन सुरू झाली. मी टॉर्च लावून बघत होतो, एक-एक कडी पुढे जात होती. बाहेर सगळं एकदम शांत झालं. आणि मग जी पब्लिक ओरडली, सुमेधा! सोंड वर गेली ते मला त्या आवाजावरून कळलं. हार पडला ते पण. मी पोटात एकटाच टाळ्या वाजवत होतो. नंतर दार उघडलं, भेरूलालनं आत तोंड घातलं, म्हणाला, "बाबूजी, टाइम पे." एवढंच. पण त्याच्या तोंडून ते ऐकायला मी तीस वर्षं नोकरी केली असं वाटलं.

बक्षीस काही आलं नाही आपल्याला, दुसऱ्याच मिलला गेलं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दोघे पुढच्या वर्षीच्या कामावरून आताच भांडायला लागले आहेत.

आता छत्री. मला बाहेर काढलं तेव्हा पहिल्यांदा बघितली. मल्हारीनं एक-एक काडी सरळ केली होती आणि टोक ठोकून परत गोल केलं होतं. भेरूलालनं कापडाला सोनेरी रंग देऊन कडेला जरीची झालर शिवून घेतली होती. आणि ती ऐरावताच्या पाठीवर, देवाच्या डोक्यावर छत्र म्हणून उभी होती. आख्ख्या इंदुरानं बघितली. मी म्हटलं, अरे, ही माझ्या भाचीची आहे, परत द्या. तर दोघे एका सुरात म्हणाले, जप्तीचा माल परत मिळत नाही. मल्हारीनं लगेच रजिस्टरात चढवली सुद्धा.

तेव्हा एक काम कर. मला एक नवी छत्री पाठव. आणि या वेळी मुठीवर माझं नाव कोरून पाठव, म्हणजे लपवता येणार नाही.

तुझा
श्रीमामा